हापूसची कोय पेरली, मग हापूस का नाही आला?

राजापूरकडच्या एका बागायतदारांनी विचारलंय. जुन्या हापूसची कोय त्यांनी परसात रुजवली. झाड जोमाने वाढलं, नवव्या-दहाव्या वर्षी फळ धरलं आणि फळ निघालं लहान, रेषाळ, आंबूस. त्याच जुन्या झाडाच्या काड्या घेऊन बांधलेली कलमं मात्र अस्सल हापूस देतायत. आई तीच, मग असं का? शिवाय मुलगी दहावीला आहे. तिच्या पुस्तकात सूत्री विभाजन आणि अर्धगुणसूत्री विभाजन, म्हणजे पेशी विभागण्याचे दोन प्रकार, आहेत, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का? हापूसची गुणसूत्रं (पेशीतले डीएनएचे धागे) 40 आणि रायवळची, म्हणजे कोयीपासून वाढणाऱ्या गावठी आंब्याचीही 40, मग फरक कुठे, असं तिचं म्हणणं. आणि शेवटी, त्या आंबूस झाडाचं आता करायचं काय?

संबंध आहे, आणि सगळ्या प्रकरणाचं मूळच तिथे आहे. तुमच्या जुन्या झाडापासून कलमापर्यंत यायला फक्त सूत्री विभाजन लागलं. कोयीपर्यंत यायला मधे एकदा अर्धगुणसूत्री विभाजन झालं आणि वर दुसऱ्या कुठल्या तरी झाडाचे पराग आले. पहिल्या वाटेने जे होतं तेच्या तेच पुढे जातं. दुसऱ्या वाटेने अर्धंच जातं, आणि तेही उलटंपालटं होऊन. आयुष्यभर कृषीच्या मुलांना हे शिकवलं, रोपवाटिकेतही हात काळे केले, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. मुलीलाही वाचायला द्या.

आधी सूत्री विभाजन. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था ही नावं पाठ करण्यात मुलांचा जीव जातो, पण सगळ्यात मोठं काम या चौघींच्या आधीच उरकलेलं असतं. पेशी बाहेरून स्वस्थ दिसत असते तेव्हा केंद्रकात डीएनएची आख्खी नक्कल तयार होते. आंब्याच्या पेशीत 40 गुणसूत्रं, त्या प्रत्येकाची एक जुळी प्रत. या दोन प्रती लगेच सुट्या होत नाहीत. कोहेसिन नावाच्या प्रथिनाची कडी त्यांना एकमेकींना बांधून ठेवते. पुस्तकात इंग्रजी एक्ससारखी जी आकृती काढतात ती म्हणजे ही बांधलेली जोडी.

मग गुणसूत्रं आखडून जाड होतात, केंद्रकाचं आवरण विरतं आणि दोन्ही टोकांकडून तर्कुतंतू, म्हणजे गुणसूत्रांना ओढणारे बारीक दोरे, येतात. जोडीतल्या एका प्रतीला एका बाजूचे तंतू धरतात, दुसरीला दुसऱ्या बाजूचे. दोन्हीकडून ओढ बसली की जोडी मधोमध येऊन थांबते, ती मध्यावस्था. आता यातली मला सर्वात आवडणारी गोष्ट. चाळीसपैकी एका जरी गुणसूत्राला तंतू नीट लागला नसेल, तरी पेशी पुढे सरकत नाही. त्या न धरलेल्या गुणसूत्रबिंदूपाशी (गुणसूत्रावर तंतू धरतो ती जागा) थांबण्याचा इशारा तयार होत राहतो आणि बाकीची एकोणचाळीस तयार असूनही ताटकळतात. शेवटचं गुणसूत्र नीट धरलं गेलं की इशारा बंद होतो, सेपरेज नावाचं विकर कोहेसिनच्या कड्या तोडतं आणि सगळ्या प्रती एकदमच दोन टोकांकडे निघतात. म्हणून दोन्ही नव्या पेशींत 40च्या 40. वनस्पतीत मग मधोमध नवी भिंत उभी राहते, ती आतून बाहेर वाढत कडेपर्यंत जाते. प्राण्यांत तसं नाही, तिथे पेशी कडेने आत चिमटत जाऊन तुटते.

हे डोळ्यांनी बघता येतं. शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर एक कांदा पुरे. अलिबागचा पांढरा मिळाला तर छान, नाहीतर बाजारातला कुठलाही चालेल, फक्त कोंब येऊ नये म्हणून किरणं दिलेला नको. लासलगावला कांद्याला गॅमा किरणं देतात ती त्याच्या वाढीच्या टोकातलं विभाजन बंद पाडण्यासाठीच. कांद्याच्या तळाची सुकलेली मुळं ब्लेडने खरवडा आणि तळ पाण्याला जेमतेम टेकेल असा ग्लासाच्या तोंडावर ठेवा. तीन-चार दिवसांत पांढरीशुभ्र मुळं सुटतात. पावसाळ्यात आपल्याकडे कांदा आधी कुजतो आणि मग मुळं धरतो, तेव्हा लसणाची पाकळी घ्या.

मुळं बोटाच्या पेराएवढी झाली की सकाळी आठ-दहाच्या सुमारास टोकं कापून तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल ॲसिटिक ॲसिडच्या मिश्रणात रात्रभर ठेवायची. दुसऱ्या दिवशी ॲसिटोकार्माइन या लाल रंगाच्या थेंबात सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एखादा थेंब टाकून त्यात टोकं हलकी गरम करायची, उकळू द्यायची नाहीत. ॲसिड आणि ज्योत दोन्ही आहे, तेव्हा शिक्षकांना शेजारी उभं करा. मुळाचं अगदी टोक, मिलिमीटर-दोन मिलिमीटर, जास्त गडद रंगतं. तेवढंच ठेवायचं, बाकी फेकायचं. लोकांना मोह होतो लांब तुकडा घ्यायचा, आणि मग लांबोडक्या, विभागणं थांबलेल्या पेशीच दिसत बसतात. वर कव्हरस्लिप, त्यावर टिपकागदाची घडी, पेन्सिलीच्या मागच्या बाजूने हलके ठोके, मग अंगठ्याने सरळ खाली दाब. स्लिप कडेला सरकली की गुणसूत्रं गुंडाळून वळकट्या होतात आणि स्लाइड फुकट जाते.

आता बघा. शंभर पेशींतल्या नव्वदांत नुसता गोल, दाणेदार केंद्रक दिसेल. पाच-दहा पेशींत मात्र लालसर दोऱ्यांचा गुंता, कुठे मधोमध आडवी ओळ, कुठे दोन्हीकडे ओढली गेलेली दोन झुपकी. झुपक्यांतली टोकं मागे लोंबत असतात, कारण तंतू गुणसूत्रबिंदूला धरून ओढतो आणि बाहू मागून येतात. कांद्याची गुणसूत्रं 16 आणि चांगली दणकट, म्हणून शिकायला कांदा. आंब्याची इतकी बारीक असतात की नवशिक्याला ती मोजणं जमत नाही. जर्मनीत वॉल्टर फ्लेमिंगने सॅलॅमँडरच्या पिल्लांच्या पेशींत हे सगळं पाहून 1882 साली सविस्तर मांडलं, तेव्हा वंशपरंपरेशी याचा काय संबंध हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मेंडेलचा वाटाण्यांवरचा लेख 1866 मध्येच छापून झाला होता आणि पडून होता. गुणसूत्रं आणि मेंडेलचे घटक यांची सांगड वॉल्टर सटनने नाकतोड्याच्या पेशी बघून 1902-03 मध्ये घातली.

तंतूंचं महत्त्व कळायला आपल्याच कुंपणावरची दोन झाडं पुरतात. गणपतीच्या सुमारास झुडपांवर चढून लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी, जिला काही गावांत गौरीचे हात म्हणतात, तिच्यात कोल्चिसिन असतं. ते तर्कुतंतूंच्या प्रथिनाला, ट्युब्युलिनला, जाऊन चिकटतं आणि तंतू बांधलेच जात नाहीत. प्रती तयार, पण ओढायला कोणी नाही. शेवटी पेशी विभागल्यावाचूनच पुढे जाते आणि तिच्यात दुप्पट गुणसूत्रं राहतात. 1937 पासून वनस्पतिशास्त्रज्ञ ही युक्ती मुद्दाम वापरतात. थलासरीच्या वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांनीही इंग्लंडमध्ये मॅग्नोलियावर कोल्चिसिनचे प्रयोग केले होते. लागवडीच्या वनस्पतींच्या गुणसूत्रसंख्या सी. डी. डार्लिंग्टनबरोबर 1945 मध्ये एकत्र मांडणाऱ्या त्या याच बाई. कळलावीच्या वाटेला मात्र जाऊ नका. तिचा कंद पोटात गेला तर माणूस दगावतो, आणि त्याचंही कारण हेच: आतड्याचं अस्तर आणि अस्थिमज्जा, जिथे पेशी सतत विभागत असतात, तिथलं काम ठप्प होतं.

दुसरं झाड अंगणातली सदाफुली. तिच्यातली व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन हीसुद्धा ट्युब्युलिनवरच काम करतात आणि रक्ताच्या कर्करोगात, लहान मुलांच्याही, ती औषधं म्हणून वापरली जातात. कर्करोगाची पेशी घाईने विभागते, म्हणून तिला फटका जास्त. सदाफुलीची पानं चावून कर्करोग बरा होतो असं सांगणारे आपल्याकडे पैशाला पासरी आहेत. औषधात आणि पाल्यात मात्रेचा फरक असतो, आणि या औषधांची मात्रा चुकली तर नसा दुखावू शकतात.

आता कलमाकडे. पावसाळ्याच्या तोंडाला गादीवाफ्यावर रुजलेलं रायवळचं रोप, तांबूस पालवीचं, पंधरा-वीस दिवसांचं. ते बोटभर उंचीवर कापतो, मधोमध चीर देतो, हापूसची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवतो आणि प्लास्टिकच्या पट्टीने आवळतो. कोयकलम म्हणतात ते हेच. बाहेरून बघणाऱ्याला यात हस्तकौशल्य दिसतं. पट्टीच्या आत जे चालतं ते निव्वळ सूत्री विभाजन. साल आणि लाकूड यांच्यामध्ये वाढीच्या पेशींचा एक पातळ थर असतो. खुंटाच्या (खालच्या रायवळ रोपाच्या) आणि काडीच्या जखमेतून पेशी विभागत-विभागत मऊ गाठ तयार होते, दोन्हीकडच्या गाठी एकमेकींत मिसळतात आणि त्यातून अन्न-पाण्याच्या नळ्या जोडल्या जातात. म्हणून दोन्हीची साल निदान एका बाजूला तरी तंतोतंत जुळवायची असते. माळीकाका याचं कारण सांगत नाहीत, पण हात त्यांचा तिथेच जातो.

जोडाच्या वर मात्र हापूसच्याच पेशी विभागतात, जोडाच्या खाली रायवळच्याच. एकीच्या केंद्रकातली गुणसूत्रं दुसरीच्या केंद्रकात जाऊन बसत नाहीत. पन्नास वर्षांच्या कलमाचं वरचं झाड हापूस आणि मूळ रायवळ, हे शेवटपर्यंत तसंच राहतं. जोडाखालून आलेली फूट काढून टाका असं जे बजावून सांगतात ते एवढ्यासाठीच. ती फूट रायवळची असते, जोमदार असते आणि बघता-बघता हापूसला दाबते. ‘माझं कलम दहा वर्षांनी बिघडलं’ अशी तक्रार आली की मी आधी वाकून बुंधा बघतो.

इथे कलमाचा आणखी एक फायदा, जो पुस्तकात सहसा नसतो. सूत्री विभाजनाने झाडाचं वय पुसलं जात नाही. काडी पिकत्या, मोहोर येणाऱ्या झाडाची असते, म्हणून कलम चौथ्या-पाचव्या वर्षी फळाला येतं. कोयीचं झाड बाळपणापासून सुरुवात करतं, त्याला आठ-दहा वर्षं लागतात. तुमच्या झाडाला लागली तेवढीच.

आता अर्धगुणसूत्री विभाजन. हे पानात होत नाही, मुळात होत नाही. मोहोराच्या कळीत, तिथल्या परागकोशात आणि बीजांडात, मोजक्या पेशींत होतं. सुरुवात तीच: नक्कल तयार, जुळ्या प्रती बांधलेल्या. पण इथे मध्येच एक वेगळी गोष्ट होते. चाळीस गुणसूत्रं म्हणजे खरं तर वीस जोड्या, प्रत्येक जोडीतलं एक झाडाच्या आईकडून आलेलं, एक बापाकडून. एरवी ही दोघं एकमेकांची दखलही घेत नाहीत. इथे ती एकमेकांना शोधतात, अंगाला अंग लावून बिलगतात, आणि ठिकठिकाणी तुटून एकमेकांचे तुकडे अदलाबदल करून पुन्हा जोडली जातात. क्रॉसिंग ओव्हर म्हणतात ते हे. तुकडे खरोखरच बदलतात याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा हॅरिएट क्रेटन आणि बार्बरा मॅक्लिंटॉक या दोघींनी 1931 मध्ये मक्यात दिला. आणि ही अदलाबदल नुसती हौस नाही. तिच्यामुळेच जोडी एकमेकींत अडकून राहते आणि तंतूंना दोन्ही बाजूंनी ओढता येतं. जिथे एकही अदलाबदल झाली नाही ती जोडी बहुधा चुकीच्या बाजूला जाते.

पहिल्या विभाजनात जुळ्या प्रती वेगळ्या होत नाहीत. जोडीदार वेगळे होतात: एक इकडे, एक तिकडे. त्यामुळे 40 चे 20 होतात ते इथे. दुसरं विभाजन सूत्री विभाजनासारखंच, त्यात जुळ्या प्रती सुटतात. परीक्षेत ‘संख्या केव्हा निम्मी होते’ असं विचारलं की बरीच मुलं दुसऱ्या विभाजनात म्हणून लिहून येतात.

आणि कोण कुठे जाणार हे प्रत्येक जोडीत स्वतंत्रपणे ठरतं. हे पत्ते पिसण्यासारखंच आहे, फक्त इथे प्रत्येक कळीत डाव नव्याने पिसला जातो. वीस जोड्या म्हणजे दोनचा विसावा घात: 10,48,576 प्रकारच्या परागपेशी एकाच झाडात संभवतात, आणि हा हिशेब क्रॉसिंग ओव्हर न धरता. बीजांडाकडेही तेवढेच प्रकार. दोन्हींचं मीलन होऊन जी कोय बनते ती आधी कधी झालेली नसते, पुढेही तशीच होण्याची आशा नाही.

हापूस हा मुळात संमिश्र रक्ताचा. त्याच्या बऱ्याच जोड्यांत दोन जोडीदार सारखे नाहीत. त्याचा केशरी गर, तो वास, ती पातळ साल, हे सगळं बऱ्याच जनुकांचा एक विशिष्ट मेळ जमून आलेलं आहे. कलम तो मेळ जपतं. अर्धगुणसूत्री विभाजन तो मोडतं, अर्धा भाग फेकतं, आणि उरलेल्या अर्ध्याला पराग कुठून तरी माशी घेऊन येते: तुमच्याच दुसऱ्या कलमावरून, शेजाऱ्याच्या पायरीवरून, नाहीतर पाणंदीच्या रायवळवरून. तुमच्या झाडाचा बाप कोण हे आता कळायला मार्ग नाही, पण फळाच्या रेषांवरून माझा संशय रायवळवर आहे.

यावर हमखास पुढचा प्रश्न येतो: मग शेजारच्या रायवळच्या परागाने माझ्या कलमावरचे आंबे बिघडतील का? नाही. आंब्याचा गर आणि साल हे बीजांडकोशाच्या भिंतीचे, म्हणजे आईच्याच पेशींचे, सूत्री विभाजनाने वाढलेले. परकं रक्त फक्त कोयीच्या आतल्या बीजात. पेटीतले सगळे हापूस सारखे, त्यांच्या कोयी मात्र एकीसारखी दुसरी नाही.

नारळात हे उलट आहे, आणि ते बघण्यासारखं आहे. नारळाची गुणसूत्रं 32, म्हणजे 16 जोड्या. पण खोबरं आईचंही नाही आणि पोराचंही नाही. आईकडची दोन केंद्रकं आणि परागाकडचं एक मिळून ते बनतं, म्हणून खोबऱ्याच्या पेशीत 48 गुणसूत्रं. कोवळ्या शहाळ्यात सुरुवातीला ही केंद्रकं विभागतच राहतात, पण मध्ये भिंत घालत नाहीत. हजारो केंद्रकं एकाच द्रवात तरंगतात, तेच शहाळ्याचं पाणी. पुढे कडेकडेने भिंती पडायला लागतात आणि आपण चमच्याने खरवडून खातो ती मलई तयार होते. या पाण्यात पेशीविभाजनाला चालना देणारी संप्रेरकंही असतात, म्हणून उतिसंवर्धनाच्या (टिशू कल्चरच्या) प्रयोगशाळेत ते पोषकद्रव्यात घालतात. नारळाला कलम होत नाही, सगळा कारभार बियाण्यावर. त्यामुळे बाणवली या उंच जातीचे मातृवृक्ष निवडायला इतकी उस्तवार करावी लागते. आणि उंच-ठेंगूच्या संकरित झाडाचे नारळ पुन्हा रुजवून पैसे वाचवू पाहणारा फसतो तोही याचमुळे: पुढच्या पिढीत पिसलेला डाव बाहेर पडतो, काही उंच, काही ठेंगू, काही धड कशातच नाहीत.

जोडी जमलीच नाही तर काय होतं ते राजेळी केळीत दिसतं. तिच्यात 11 गुणसूत्रांचे दोन नव्हे, तीन संच आहेत, एकूण 33. अर्धगुणसूत्री विभाजनात दोघं जोडी करतात, तिसरा मोकाट. वाटणी विषम होते, धड पराग नाही, धड बीजांड नाही, म्हणून बी नाही. सूत्री विभाजनाला जोडीची गरजच नसते, त्यामुळे मुनवे, म्हणजे बुंध्यालगतचे कोंब, मात्र झकास फुटतात. घाटातल्या कवदरचं फळ फोडून बघा, केळीचीच चुलत बहीण, तिच्यात काळ्या टणक बियांचा खच असतो. भातानंतर जे बिनबियांचं कलिंगड हल्ली काहीजण लावतात त्यात हेच मुद्दाम केलेलं आहे: 22 चं कोल्चिसिनने 44, मग 44 आणि 22 चा संकर, म्हणजे 33. त्याला फळ धरायला शेजारी साध्या कलिंगडाची ओळ लावावी लागते, कारण स्वतःचा पराग कुचकामी. बियाणं विकणारा हे सांगायला विसरला तर शेतकरी नुसते वेल बघत बसतो.

माणसातही वाटणी चुकते. एकविसावं गुणसूत्र एक जास्त आलं की डाऊन सिंड्रोम. बाईच्या बीजपेशी ती स्वतः आईच्या पोटात असतानाच अर्धगुणसूत्री विभाजन सुरू करून मध्येच थांबलेल्या असतात, आणि कित्येक वर्षांनी एकेक करून पुढे सरकतात. इतका काळ त्या कोहेसिनच्या कड्यांनी टिकून राहायचं असतं. वाढत्या वयात धोका वाढतो त्याचं एक मोठं कारण हे समजतात. यात आईचा दोष शोधणाऱ्या सासवांना मी फार स्पष्ट बोलतो.

दक्षिणेकडचा कोणी पाहुणा म्हणेल, आमच्याकडे कोयीपासून तंतोतंत तोच आंबा येतो. तो खोटं बोलत नाही. केरळातल्या ओलूरसारख्या काही जातींत एका कोयीतून तीन-चार कोंब येतात. त्यातले बहुतेक बीजांडातल्या आईच्याच पेशींपासून, मीलनाशिवाय, सूत्री विभाजनाने झालेले असतात. म्हणजे कोयीत दडलेली कलमंच म्हणा. हापूसच्या कोयीत एकच कोंब आणि तो मीलनाचाच, त्यामुळे ती सोय आपल्याला नाही.

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर आता सोपं आहे. संख्येवरून काहीच कळत नाही. भाताची 24, काजूची 42, माणसाची 46, कुत्र्याची 78. कुत्रा आपल्यापेक्षा हुशार ठरत नाही. माणसाची 48 आहेत असं शास्त्रज्ञही तीसेक वर्षं धरून चालले होते. ट्यो आणि लेव्हान यांनी 1956 मध्ये नीट मोजून 46 सांगितली. हापूस आणि रायवळ दोघांत 40 आहेत कारण दोघं आंबेच आहेत. फरक त्या 40 वर लिहिलेल्या मजकुरात आहे, आणि तोही थोडाच. म्हणून तर दोघांचं मीलन होऊन कोय रुजते.

तिने पुढे विचारलंच, की सूत्री विभाजन इतकं चोख तर सगळी हापूस कलमं एकसारखी का नाहीत, तर दोन कारणं सांगा. बराचसा फरक कातळ, पाणी, वारा, खत यांचा. थोडा फरक खरोखर आतला: डीएनएची नक्कल करताना क्वचित एखादं अक्षर चुकतं, ती चूक एखाद्या फांदीच्या टोकावरच्या पेशीत झाली तर आख्खी फांदी ती घेऊन वाढते, आणि तिथली काडी काढली की कलमातही उतरते. म्हणून काडी घेताना झाड नव्हे, फांदी बघावी. जिचं फळ गेल्या हंगामात तुम्ही स्वतः खाल्लंय तीच.

राहिला तुमच्या परसातला आंबूस आंबा. लगेच कुऱ्हाड लावू नका. एकदा लोणच्याला, एकदा पन्ह्याला बघा, आणि दरवर्षी न चुकता धरतो का तेही बघा. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रातून 1981 मध्ये आलेला रत्ना हा नीलम आणि हापूसच्या संकराच्या कोयीतूनच निवडलेला. दरवर्षी धरतो आणि साक्याचा, म्हणजे गरात पडणाऱ्या स्पंजासारख्या भागाचा, त्रास नाही. पुढे रत्ना आणि हापूसच्या संकरातून 1992 मध्ये पातळ कोयीचा सिंधू आला. दोन्ही जाती पुढे पसरल्या त्या कलमांनी. अर्थात अशी एक कोय मिळवायला नको असलेल्या कितीतरी कोयी वाढवून बघाव्या लागतात, तेव्हा तुमच्या परसातल्या एकुलत्या एकाकडून फार आशा नको.

फळ कशालाच उपयोगी नसेल तर झाड ठेवा आणि जात बदला. दहा वर्षांचं मूळ फुकट घालवण्यात अर्थ नाही. पावसाळा संपल्यावर मुख्य फांद्या छातीएवढ्या उंचीवर तिरक्या कापा, सावलीसाठी आणि अन्नासाठी एक फांदी तशीच राहू द्या. कापलेल्या भागाला बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा, नाहीतर तिथून बुरशी शिरते. फुटवे पुष्कळ येतील. प्रत्येक फांदीवर बाहेरच्या बाजूचे तीन-चार जोमदार ठेवून बाकीचे काढा. पुढच्या पावसाळ्यात, हवा दमट असताना, त्या कोवळ्या फुटव्यांवर तुमच्या जुन्या हापूसच्या काड्या बांधा. काडीची पानं आठ-दहा दिवस आधी झाडावरच देठ ठेवून कापून टाका, म्हणजे डोळा फुगतो आणि जोड लवकर धरतो. कलमं लागून वाढीला लागली की राखून ठेवलेली फांदीही काढायची. त्यानंतर दोन-तीन वर्षं दर पावसाळ्यात बुंध्यावरून फिरून जोडाखालची प्रत्येक फूट नखाने खुडत जा.